वर्ग सुटल्यानंतरचा वर्ग : लीड्सचा व्हायकिंग क्लब



दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात मोडी लिपीबद्दल सांगत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, जे आता कोणी लिहीतच नाही, ते शिकून मार्क मिळणार का?" वर्ग हसला, मीही हसले. पण घरी पोचेपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. खोटं कशाला सांगू, मार्क मिळणार नव्हतेच. मग त्या मुलाला मिळणार काय होतं? ते मलाही धड सांगता आलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी एका विद्यार्थी मंडळाबद्दल वाचनात आलं. हे मंडळ आपल्याकडचं नाही, इंग्लंडातलं आहे, आणि त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली. जुन्या, कोणी बोलत नसलेल्या भाषा शिकणारी मुलं त्यात जमायची. त्या प्रश्नाचं सरळ उत्तर तिथेही मिळालं नाही, पण उत्तराकडे जाणारी वाट मात्र दिसली. म्हणून हा पाठ.

साठातले पाच

लीड्स हे उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातलं शहर. लोकरीच्या कापडाच्या गिरण्या, धुरांडी, काजळी. विलायतेतलं गिरणगावच म्हणा ना. तिथल्या विद्यापीठाला स्वतंत्र सनद मिळाली ती १९०४ साली, म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मानाने अगदी कालची गोष्ट. १९२० साली तिथे इंग्रजी भाषा शिकवायला अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण शिक्षक आला. त्याचं नाव जे. आर. आर. टॉल्किन. 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मुळे आज जगभर माहीत झालेला हाच तो लेखक. पण त्या वेळी यातलं एकही पुस्तक आलेलं नव्हतं. तो पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून परत आलेला, जुन्या भाषांचं वेड असलेला एक मास्तर होता, एवढंच.

त्या विभागात इंग्रजीचे दोन रस्ते होते. एक साहित्याचा, दुसरा भाषेचा. साहित्याकडे शेक्सपिअर, मिल्टन वगैरे मंडळी. भाषेकडे मात्र हजार-बाराशे वर्षांपूर्वीची जुनी इंग्रजी, आइसलँडमध्ये लिहिली गेलेली जुनी नॉर्स, आणि तिच्याही आधीची गॉथिक. रूपं पाठ करायची, ध्वनिबदलाचे नियम पाठ करायचे. आपल्याकडे शब्दरूपावलीच्या नावाने मुलांच्या पोटात गोळा येतो, तसंच तिथेही होतं. पहिलं वर्ष सोडून विभागात सुमारे साठ विद्यार्थी होते आणि त्यांतल्या फक्त पाच जणांनी बिचकत बिचकत भाषेचा रस्ता धरला.

पाच वर्षांनी, १९२५ मध्ये, टॉल्किनने ऑक्सफर्डच्या प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. त्या अर्जात त्याने आकडे दिलेत. साहित्याकडे ४३, भाषेकडे २०. जवळपास तिसरा हिस्सा. अर्जात माणूस स्वतःची बाजू सजवून मांडतो हे धरलं, तरी आकडे तर मोजलेले आहेत!

हे कसं झालं? शिकवणं चांगलं होतं हे एक कारण. १९२२ मध्ये ई. व्ही. गॉर्डन नावाचा कॅनडात जन्मलेला तरुण सहकारी येऊन मिळाला, हे दुसरं. या गॉर्डनने पुढे १९२७ साली जुन्या नॉर्सचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या. पण त्याच अर्जात टॉल्किनने आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुनी आइसलँडिक शिकणाऱ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक 'व्हायकिंग क्लब' काढला होता, आणि हा क्लब पुढे शिक्षकांवर न विसंबता स्वतः चालेल अशी आशा त्याने लिहिली आहे.

शिक्षकांवर न विसंबता! आपण शाळेत इतकी मंडळं काढतो. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ. जूनमध्ये उद्घाटन, फलकावर पदाधिकाऱ्यांची नावं, फेब्रुवारीत अहवाल. मधल्या काळात ते मंडळ कोणाच्या जिवावर चालतं, हे तुम्हीही जाणता आणि मीही जाणते.

तिथे करायचे काय?

मंडळी जमायची, सागा वाचायची आणि गाणी म्हणायची. (बिअरही प्यायची. हे लपवण्यात अर्थ नाही, ती कॉलेजची मुलं होती आणि देश त्यांचा होता. आपण आपलं चहा-बटाटेवड्यावर भागवू.)

सागा म्हणजे आइसलँडच्या गद्य कथा. घराण्यांची भांडणं, समुद्रप्रवास, खटले, सूड असा सगळा मालमसाला त्यांत असतो. घटना साधारण नवव्या ते अकराव्या शतकातल्या, पण बहुतेक सागा लिहून झाल्या तेराव्या शतकात. आपलं 'लीळाचरित्र'ही त्याच तेराव्या शतकातलं, हे जाता जाता लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

आणि गाणी! टॉल्किन आणि गॉर्डन दोघेही गाणी रचायचे आणि टंकलिखित कागदांवर ती मुलांना वाटायचे. भाषा जुनी इंग्रजी, नॉर्स, गॉथिक, कधी साधी आजची इंग्रजी. चाली मात्र सगळ्यांना येणाऱ्या बालगीतांच्या नाहीतर लोकगीतांच्या. म्हणजे ज्या भाषेची रूपं वर्गात घशाखाली उतरत नव्हती, ती संध्याकाळी सुरात उतरायची. मी स्वतः संस्कृतची रूपं भोंडल्याच्या चालीवर घोकलेली बाई आहे, त्यामुळे यात नवल काही वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढंच, की एवढे मोठे विद्वान हा उद्योग न लाजता करत होते.

यातलं एक गाणं गॉथिकमध्ये आहे. गॉथिक ही चौथ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरामुळे आपल्यापर्यंत पोचलेली भाषा. या गाण्याचं नाव आहे 'बाग्मे ब्लोमा', म्हणजे वृक्षांमधलं फूल, आणि त्यात बर्च झाडाची स्तुती आहे. बर्चच का? पुढे लीड्सलाच प्राध्यापक झालेल्या टॉम शिपी या अभ्यासकाने ते उलगडून दाखवलं. विभागातल्या साहित्याच्या अभ्यासक्रमाला 'अ' म्हणत आणि भाषेच्या अभ्यासक्रमाला 'ब'. जुन्या इंग्रजी लिपीत काही अक्षरांना झाडांची नावं असत. 'आक' म्हणजे ओक, 'बेओर्क' म्हणजे बर्च. तेव्हा बर्चचा जयजयकार म्हणजे आमच्या 'ब' तुकडीचा जयजयकार! बाहेरच्याला हे झाडाचं गाणं वाटणार, आणि आतली मुलं गालातल्या गालात हसणार. मंडळ जिवंत आहे की कागदावर आहे, हे मला अशा खाजगी विनोदांवरून कळतं.

या गाण्यांचं पुढे काय झालं तेही ऐका. लीड्सचाच माजी विद्यार्थी ए. एच. स्मिथ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिक्षक झाला. त्याने ते जुने कागद जपून ठेवले होते. १९३६ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना हातछापखान्यावर सराव हवा म्हणून त्याने त्यांच्याकडून एक पुस्तिका छापून घेतली. एकूण तीस गाणी, त्यांतली तेरा टॉल्किनची. मग लक्षात आलं की गीतकारांची परवानगीच घेतलेली नाही! म्हणून प्रती वाटल्या नाहीत, तिथेच पडून राहिल्या, आणि पुढे त्यांतल्या बहुतेक आगीत गेल्या. मोजक्याच उरल्या. त्यातलं ट्रोल नावाच्या राक्षसाचं एक गाणं मात्र बदलत बदलत 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये जाऊन बसलं. हा स्मिथ पुढे यॉर्कशायरच्या गावांच्या नावांचा मोठा अभ्यासक झाला.

रोजच्या रस्त्यावरची नॉर्स

गावांची नावं म्हटलं की खरी गंमत सुरू होते, आणि वर्गात वापरायला हाच भाग सगळ्यात चांगला आहे.

८६६ साली व्हायकिंगांनी यॉर्क शहर जिंकलं. त्यानंतर ९५४ पर्यंत, मधले काही खंड सोडले तर, तिथे नॉर्स बोलणाऱ्यांचं राज्य होतं. ते राज्य गेलं, पण शब्द राहिले. ज्या गावांच्या नावाशेवटी 'बी' आहे, जसं व्हिटबी, सेल्बी, ग्रिम्सबी, तिथे 'बी' म्हणजे गाव. 'थॉर्प' म्हणजे वाडी. लीड्सच्या मध्यात 'ब्रिगेट' आणि 'कर्कगेट' नावाचे रस्ते आहेत. पाहुण्याला वाटतं, इथे पूर्वी वेस असणार, गेट असणार. तसं नाही. नॉर्स 'गाता' म्हणजे रस्ता. कर्कगेट म्हणजे चर्चचा रस्ता, ब्रिगेट म्हणजे पुलाचा रस्ता. ती मुलं रोज ज्या रस्त्याने कॉलेजला जात होती, त्या रस्त्याचं नाव त्यांच्या अभ्यासाच्या भाषेत होतं.

आणि घरात? यॉर्कशायरच्या बोलीत खेळण्याला 'लेक' म्हणतात, नॉर्समध्ये 'लेइका'. आईवडील सांगत असणार, असं गावंढळ बोलू नकोस, शुद्ध इंग्रजी बोल. (ओळखीचं वाटतंय ना?) आणि इथे वर्गात मास्तर सांगतोय की तुझ्या आजीचा हा शब्द सागांमध्ये आहे. टॉल्किन यॉर्कशायर बोली मंडळाचा सभासद होता. शेजारच्या हडर्सफील्ड भागातल्या बोलीचा शब्दकोश वॉल्टर हेग या स्थानिक अभ्यासकाने केला आणि तो १९२८ मध्ये निघाला, तेव्हा त्याला प्रस्तावना टॉल्किनने लिहिली.

आपली मुलं रोज वापरतात त्या इंग्रजी शब्दांतही नॉर्स भरलेली आहे. स्काय, एग, नाइफ, लॉ, इतकंच काय, 'दे' आणि 'देम' ही सर्वनामंसुद्धा नॉर्सची देणगी. माझा आवडता शब्द 'विंडो'. नॉर्समध्ये 'विंदाउगा', विंद म्हणजे वारा आणि आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! आता आपला 'गवाक्ष' आठवा. गो आणि अक्ष, गायीचा डोळा. दोन्हीकडे भिंतीतल्या भोकाला डोळाच म्हणावंसं वाटलं, एकाने वाऱ्याचा, दुसऱ्याने गायीचा. हे फळ्यावर लिहिलं की वर्ग एकदम गप्प होतो.

एक गोष्टही सांगते, कारण ती त्याच भागात घडते. एगिल नावाच्या कवी-योद्ध्याची सागा आहे. हा एगिल म्हणजे महाभांडखोर, कुरूप आणि भाषेवर विलक्षण हुकमत असलेला माणूस. त्याचं गलबत इंग्लंडच्या किनाऱ्यावर फुटतं, आणि कळतं की जवळच यॉर्कमध्ये त्याचा हाडवैरी एरिक राजा बसलेला आहे. लीड्सपासून यॉर्क जेमतेम ४० किलोमीटर. पळून जाणं शक्य नाही, म्हणून एगिल सरळ राजाच्या दारात जातो. सकाळी डोकं उडणार हे ठरलेलं. त्याचा मित्र अरिनब्यर्न सांगतो, रात्रभरात राजाच्या स्तुतीची वीस कडवी रच. मध्यरात्री तो येऊन बघतो तर एकही ओळ झालेली नाही! का? तर खिडकीत बसून एक पाकोळी सारखी चिवचिवते आहे, मन लागत नाही. मग अरिनब्यर्न वर जाऊन त्या खिडकीशी राखणीला बसतो. पाकोळी उडते, कविता होते, आणि सकाळी ती ऐकून राजा एगिलला जिवंत जाऊ देतो. डोक्याच्या बदल्यात कविता. ती पाकोळी म्हणजे रूप पालटलेली राणी असावी, असं सागा फक्त सुचवते.

परीक्षेच्या आदल्या रात्री शेजाऱ्यांचा टीव्ही मोठ्याने चालू असतो, त्या मुलांना ही गोष्ट सांगून बघा.

मंडळं कशी टिकतात

१९२५ च्या शेवटी टॉल्किन ऑक्सफर्डला गेला आणि १९२६ मध्ये त्याने तिथे 'कोल्बितार' नावाचं वाचनमंडळ काढलं. शब्दशः अर्थ 'कोळसा चावणारे', म्हणजे थंडीत शेकोटीला इतके चिकटून बसणारे की जणू निखारेच चावतात. यात विद्यार्थी नव्हते, प्राध्यापक होते, पण पद्धत आपल्या कामाची आहे. आळीपाळीने प्रत्येकाने मूळ नॉर्स मजकूर वाचून तिथल्या तिथे अर्थ सांगायचा. टॉल्किन एका दमात डझनभर पानं घ्यायचा. सी. एस. लुईससारखा नवखा अर्धं पान. सगळ्यांसमोर अडखळणं हा त्या मंडळाचा नियमच होता म्हणा ना, आणि अडखळणारे लोक आपापल्या विषयातले पंडित होते!

ही परंपरा आजही आहे. केंब्रिजमध्ये जुनी इंग्रजी, नॉर्स, मध्ययुगीन वेल्श, मध्ययुगीन आयरिश आणि लॅटिन एकत्र शिकवणारा एक स्वतंत्र छोटा विभाग आहे. तिथलं विद्यार्थी मंडळ आहे, आणि संशोधक विद्यार्थी स्वतः परिसंवाद भरवतात, त्याचे निबंध छापतात. लंडनमध्ये १८९२ मध्ये स्थापन झालेली व्हायकिंग सोसायटी विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी एक दिवसाचं संमेलन घेते आणि आपली बरीच प्रकाशनं तिने इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत.

जिथे सांभाळायला हवं

आता जरा अवघड भाग. जुन्या इतिहासाच्या वेडाला एक दुसरी वाट फुटते आणि ती फार चटकन फुटते.

माझंच सांगते. त्या प्रश्नानंतर मी शनिवारी शाळा सुटल्यावर एक छोटा गट सुरू केला होता. पहिल्या दिवशी सतरा मुलं होती. मी तयारी करून करून व्याख्यानं दिली आणि महिन्याभरात चार उरली. दोष सर्वस्वी माझा. पण त्याहून जास्त मला दुसरी गोष्ट लागली. त्या चारांतला एक हुशार मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, म्हणजे सगळ्यात जुनी भाषा आपलीच, आणि बाकी सगळ्यांनी आपल्याकडूनच घेतलं. ते लोक मागासच होते." मी त्याला हे शिकवलं नव्हतं. पण अभिमान वाटावा अशाच सुरात मी बोलत होते, हेही खरं.

मग मी फळ्यावर काही शब्द लिहिले. पितृ, मातृ, भ्रातृ. समोर जुन्या इंग्रजीतले फेदर, मोदोर, ब्रोथोर. सूनु आणि दुहितृ, समोर गॉथिकमधले सुनुस आणि दॉहतर. मधु, समोर मधापासून केलेल्या मद्याचं जुनं इंग्रजी नाव, मेदु. यात कोणी कोणाकडून घेतलेलं नाही. आपल्याकडे 'प' तिथे 'फ' हे नेमाने होतं, त्यावरून कळतं की या एका आईच्या लेकी आहेत. मावस-चुलत नातं आहे. कोण थोरली आणि कोण मागास, हा प्रश्नच चुकीचा.

आणि मग १९३८ सालची गोष्ट सांगितली. जर्मनीत हिटलरचं राज्य होतं. जुन्या जर्मन आणि नॉर्स कथांचा वापर वंशाचा अहंकार फुगवायला चालला होता. 'द हॉबिट'चं जर्मन भाषांतर काढू इच्छिणाऱ्या तिथल्या एका प्रकाशकाने टॉल्किनला विचारलं, तुम्ही 'आर्य' आहात का? टॉल्किनने उत्तराचे दोन मसुदे केले. त्यातल्या एकात त्याने साधारण असं लिहिलंय : आर्य म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? माझ्या माहितीप्रमाणे माझ्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी, फारसी किंवा जिप्सींची भाषा बोलत नव्हतं. आणि मी ज्यू आहे का असं विचारायचं असेल, तर त्या गुणी समाजातले पूर्वज मला लाभले नाहीत याचा खेद वाटतो.

बघा, हा माणूस आयुष्यभर त्याच जुन्या उत्तरेच्या भाषांवर जीव लावून बसलेला होता. तरी 'आर्य' हे भाषांच्या कुळाचं नाव आहे, रक्ताचं नाही, हे त्याने एका वाक्यात ठणकावलं. तेही हिंदुस्थानीचं नाव घेऊन! माझ्या त्या विद्यार्थ्याने हे दोनदा सांगायला लावलं. या क्षेत्रातली मंडळी अजूनही यावर विचार करतात. अँग्लो-सॅक्सन अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये सभासदांच्या मताने आपल्या नावातून तो शब्दच काढला, कारण वंशवादी मंडळी तो मिरवू लागली होती. हा निर्णय सगळ्यांना पटला असं नाही.

मला स्वतःला वाटतं, नाव बदलण्यापेक्षा अडखळत वाचणं जास्त उपयोगी. मूळ मजकूर समोर ठेवून जो तीन ओळींवर पंधरा मिनिटं अडतो, त्याला छाती फुगवायला सवडच राहत नाही.

म्हणून व्याख्यानं बंद केली. आता 'लीळाचरित्रा'तली एकेक छोटी लीळा घेतो. प्रत्येकाने तीन ओळी वाचायच्या आणि अर्थ सांगायचा, बाईंनीसुद्धा. मीही अडते, आणि मी अडले की मुलांना फार आनंद होतो. मार्कांचा प्रश्न विचारणारा मुलगाही हल्ली येतो. वड्यासाठी येतो असं तो म्हणतो. आता नऊ जण आहेत.

मागच्या महिन्यात 'पुसिलें' या शब्दावर गाडी अडली. एकाने अर्थ लावला, फडक्याने पुसलं. भक्त स्वामींना कशाला पुसतील, म्हणून सगळे हसायला लागले. तेवढ्यात कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "माझी आजी म्हणते की, कोणाला पुसून गेली होतीस? म्हणजे विचारून." सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती या शाळेत आली तेव्हा तिच्या बोलण्याला मुलं हसायची, म्हणून ती गप्प झाली होती.

पुढच्या शनिवारी तिने विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर आजीचे बारा शब्द लिहून आणले. त्यातले दोन मलाही माहीत नाहीत. जुन्या मराठीचा कोश जिल्हा ग्रंथालयात आहे, तो बघायला परवा आम्ही सगळे जाणार आहोत.